खडा

बार्शीच्या बाजारपेठेत भोवतालच्या गावांतून ज्वारी, तूर, हरभरा ही धान्ये येतात. धान्य घरी आले की ते सुपात घेऊन निवडावे लागते. डाळीत एखादा जरी खडा राहिला, तरी जेवताना तो नेमका दाताखाली येतो. वजन वाढावे म्हणून मुद्दाम खडे मिसळणारा मनुष्य तर दगड धान्याच्या भावाने विकतो! ‘खड्यासारखे बाजूला काढणे’ या वाक्प्रचारामागे हेच सूप आहे. खेळातून वा पंगतीतून ज्याला असे वगळले जाते, त्यालाच त्या शब्दांची बोच कळते.

हे खडे येतात कोठून? बार्शीची भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसाचे थर थंड होऊन हा पाषाण बनला. ऊन, पाऊस आणि वाहते पाणी यांनी त्याचे तुकडे झाले; ओढ्यात घासून ते गुळगुळीत झाले. काळ्या मातीत पांढरे खडेही सापडतात, ती चुनखडी. मळणीच्या वेळी मातीबरोबर हे दोन्ही धान्यात शिरतात.

परंतु खडा म्हणजे केवळ दगड नव्हे. मीठ, तुरटी, हिंग, कापूर यांचेही खडे असतात. साखरेचे खडे ती खडीसाखर. अंगठीतील मौल्यवान रत्न हाही खडाच, आणि असह्य वेदना देणारा मूतखडाही त्याच कुळातला! भाद्रपदात काही घरांत, विशेषतः कोकणस्थ कुटुंबांत, पाणवठ्यावरचे खडे आणून त्यांची गौरी म्हणून पूजा करतात. एखाद्याच्या मनाचा अंदाज घ्यायचा तर खडा टाकून पाहतात, आणि रागावलेला मनुष्य दुसऱ्याच्या नावाने खडे फोडतो. मात्र ‘खडा पहारा’ यातील ‘खडा’ निराळा. त्याचा अर्थ उभा.

प्रशांत महासागरातील हवाई बेटेही लाव्हारसाचीच बनलेली आहेत. तेथील भाषेत खड्यांना ‘इलिइली’ म्हणतात. ‘हुला’ नृत्यात नर्तक एकेका हातात दोन-दोन गुळगुळीत खडे धरून चिपळ्यांसारखे वाजवितात. ‘कोनाने’ नावाच्या पटावरील खेळात काळे व पांढरे खडे सोंगट्यांचे काम करतात. आपल्याकडील मुलींना तर पटही लागत नाही. ओसरीवर चार-पाच खडे पसरायचे, एक वर उडवायचा, तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि त्याच हाताने पडणारा झेलायचा.