मिस्ड कॉलमधून शिरलेला हेर

मे २०१९ पर्यंत व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमध्ये एक भगदाड होतं. कॉल येताना समोरून येणाऱ्या माहितीसाठी फोनच्या मेमरीत ठरावीक जागा राखलेली असते. तिथे मुद्दाम फुगवलेली माहिती पाठवली, की शेरभराच्या मापात पायली ओतल्यासारखी ती शेजारच्या जागेत सांडायची आणि तिथून हल्लेखोराच्या हुकुमाने फोन चालू लागायचा. कॉल उचलायचीही गरज नव्हती. नुसती रिंग पुरे.

या वाटेने इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं ‘पेगासस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडलं गेलं, असा व्हॉट्सॲपचा आरोप. व्हॉट्सॲपच्या माहितीनुसार त्यांत १२१ भारतीय असावेत. कोरेगाव भीमा प्रकरणातल्या आरोपींचे वकील, नागपूरचे निहालसिंग राठोड आणि तेव्हा गोव्यात प्राध्यापक असलेले आनंद तेलतुंबडे यांना या हल्ल्याची कल्पना मिळाली ती थेट ऑक्टोबरमध्ये. हे कोणी करवलं, याचं उत्तर भारत सरकारने कधी दिलं नाही. आपण फक्त सरकारी यंत्रणांनाच माल विकतो, असं एनएसओ म्हणत आली आहे.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच ज्याचा पत्ता नाही, अशा दोषावरच्या हल्ल्याला ‘झीरो-डे’ म्हणतात. दुरुस्तीला एकही दिवस मिळालेला नसतो. अशा दोषांचा बाजार भरतो. झीरोडियम या दलाल कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधल्या अशा दोषासाठी दहा लाख डॉलरपर्यंतचा भाव जाहीर केला होता, तोही उघडपणे. मिरकरवाडा बंदरावरून मासळीचा दर व्हॉट्सॲपवर कळवणाऱ्या माणसावर इतकं महाग हत्यार कोण वाया घालवेल? प्रत्येक वापरागणिक पकडलं जाण्याची भीती असते, आणि दोष एकदा कळला की बुजवला जातो. म्हणून ते निवडक माणसांसाठीच राखलेलं असतं.

बाकीच्यांवर वेळ येते ती बहुधा दुरुस्ती बाहेर पडल्यावर.

विंडोजमधला एक दोष अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने वर्षानुवर्षं आपल्यापाशीच दाबून ठेवला होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी तो बुजवणारं अपडेट दिलं. महिनाभरात एनएसएचं चोरीला गेलेलं हत्यार इंटरनेटवर फुकट पडलं. त्याचाच आधार घेऊन २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ या संगणकी किड्याने युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून उडी घेतली. त्याच्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्याच समूहाचं न्हावा शेवा इथलं टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. अपडेट येऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. अर्थात हा किडा शिरलेल्या संगणकातून पासवर्डही चोरायचा, त्यामुळे जाळ्यातला एक संगणक गाफील राहिला तरी शेजारचे अपडेट केलेलेही त्याच्या तावडीत सापडत.

व्हॉट्सॲपने आपलं भगदाड मे २०१९ मध्येच बुजवलं, पण दुरुस्ती पोचली ती ॲप अपडेट केलेल्या फोनवर. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली असेल, तर त्यानंतर जगजाहीर झालेले दोष त्या फोनमध्ये आजही उघडे असू शकतात. त्यांच्यासाठी दहा लाख डॉलर मोजावे लागत नाहीत.