हाडाचा दवाखाना आणि हातातला मोबाईल

आज आपण मोबाईलमधल्या फोटोंबद्दल बोलू. लग्नातल्या नव्हे, हाडाच्या डॉक्टरांना उपयोगी पडणाऱ्या.

काही लेकरांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं. याला क्लबफूट म्हणतात. यात ग्रहणाचा दोष नाही, आईचा तर मुळीच नाही. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल हळूहळू सरळ करतात. बहुतेकदा 5-6 प्लास्टर लागतात. मग पट्टीला जोडलेले बूट येतात: पहिले तीन महिने दिवसातले 23 तास, नंतर झोपताना, साधारण 4 वर्षांचं होईपर्यंत.

खरी कसोटी इथंच. पाऊल सरळ दिसतं, लेकरू रडतं, घरचे म्हणतात, "काढा आता ते बूट!" पण बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू शकतं. अशा वेळी सासूबाईंना पहिला फोटो दाखवा. शंभर शब्दांचं काम तो करतो.

म्हणून प्रत्येक प्लास्टर निघालं की, नवं घालण्याआधी फोटो घ्या. दोन्ही पावलं एकत्र, एकदा समोरून, एकदा मागून, दरवेळी तितक्याच अंतरावरून. ऊसतोडीला गाव सोडलं, तर नव्या डॉक्टरांना आधी काय झालं ते फोटो आणि कागद सांगतील.

एक्स-रेचा फोटो काढताना फिल्म खिडकीच्या उजेडासमोर सरळ धरा, फ्लॅश बंद ठेवा. नाव, तारीख आणि डाव्या-उजव्याची खूण दिसू द्या. सगळ्या फिल्मचे फोटो घ्या. एका बाजूनं न दिसलेली मोड दुसऱ्या बाजूनं दिसते.

पण फोटो म्हणजे तपासणी नव्हे. प्लास्टरखालची बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, बधिर झाली, दुखणं वाढत गेलं, तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा.

आणि फोटो फक्त डॉक्टरांना पाठवा, गावच्या ग्रुपवर नको. लेकराची लाज आपणच राखायची.

आपल्या भागात विष्णुपुरीचं, नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. कुठं जायचं ते कळत नसेल, तर आशाताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे.

तुमच्या गल्लीत असं लेकरू असेल, तर त्याच्या आईला आज एवढं सांगाच: पाऊल सरळ होतं, उशीर तेवढा करू नको.