भाकरीच्या जोडीला काय?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी देशावरच्या घराघरांत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी होतात. सोबत भोगीची भाजी: पावटा, घेवडा, सोलाणे, वांगी, गाजर, बोरं, वर तिळाचा कूट. ताटात लोण्याचा गोळा आणि कांद्याची पात. ऋतूप्रमाणे जेवावं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी हेच ताट दाखवेन. पण हल्ली या ताटातला एकेक जिन्नस बाजूला काढून त्याचं औषध केलं जातं. बाजरीने वजन उतरतं, गुळाने रक्त वाढतं, गहू सोडला की दुखणी जातात असं लोक मनापासून मानतात आणि तसं वागतात. त्यात नुकसान होतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी भाकरी आणि पोळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीतून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच कणकेतून ३२०. तंतू दोन्हींत साधारण ११ ग्रॅम. ज्वारीही याच्याच आसपास. भाकरी हलकी आणि पोळी जड, या समजुतीला या आकड्यांत आधार सापडत नाही. उलट थापलेली एक भाकरी पिठाच्या मापाने दोन-तीन फुलक्यांएवढी भरते. मधुमेह असलेला माणूस ‘भाकरी चालते’ म्हणून तीन भाकरी खात असेल, तर त्याच्या पोटात पीठच जास्त जातं. तंतूंचा खरा फरक पडतो तो मैद्यात. तिथे ते १०० ग्रॅमला तीन ग्रॅमही भरत नाहीत. चाळणीने कोंडा काढून टाकलेल्या कणकेचंही काही प्रमाणात तसंच होतं.

ग्लुटेनचंही असंच. ज्वारी-बाजरीत ते नसतं, म्हणून तर भाकरीचं पीठ पोळीसारखं ताणलं जात नाही आणि गरम पाण्याने मळून थापावं लागतं. सीलिअ‍ॅक आजार किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचा मोठा आधार आहे. बाकीच्यांनी तेवढ्यासाठी गहू सोडायचं कारण नाही.

बाजरी उष्ण म्हणून ती फक्त थंडीत खायची, या समजुतीत मला एक व्यवहारही दिसतो. बाजरी खरिपाची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवं धान्य घरात येतं. तिच्यात पाचेक टक्के स्निग्धांश असतो आणि दळलं की तो हवेला उघडा पडतो. उन्हाळ्यात बाजरीचं पीठ पाहता पाहता कडू होतं, थंडीत जरा टिकतं. म्हणून ‘पौष्टिक’ अशी चिठ्ठी लावलेलं कित्येक महिन्यांपूर्वीचं पाकीट आणण्यापेक्षा आठवड्यापुरतं दळण गिरणीत टाकणं बरं. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी थापताना चिरते. हाताला लगेच कळतं.

आता रक्ताची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आढळल्या. त्यांना पहिला सल्ला मिळतो तो गूळ-शेंगदाणे खाण्याचा. शेंगदाणे चांगलेच. त्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं म्हणून ते टाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की वनस्पतिजन्य पदार्थांत ते नसल्यातच जमा असतं. पण गूळ? १०० ग्रॅम गुळात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची. गुळाचा मोठा भाग साखरच आहे. साखरेच्या जागी गूळ घातलेला चहा मधुमेहींसाठीही निर्धोक होत नाही.

बाजरीत लोह खरोखर जास्त: १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर. पण धान्यातलं लोह सगळं रक्तात उतरत नाही. धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं आणि चहातली टॅनिन्स आणखी अडवतात. पहाटे कामाला निघणाऱ्या कितीतरी बायका रात्रीची भाकरी चहात कुस्करून खातात, तोच त्यांचा नाश्ता. घरात धान्य चांगलं, पोटही भरलेलं, आणि तरी लोह अंगी लागत नाही. मला हे फार सलतं, कारण त्यात त्या बाईची चूक काहीच नाही. जोडीला काय घ्यावं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

लोह शोषून घ्यायला ‘क’ जीवनसत्त्व मदत करतं. भाकरीवर पिळलेलं अर्धं लिंबू, आवळा किंवा पेरू त्याच जेवणात असला तर तीच भाकरी अधिक कामाला येते. शिजवताना हे जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं, म्हणून ताटात काही कच्चं हवं. मटकी, मूग, कडवे वाल यांना मोड आणले किंवा पीठ रात्रभर आंबवून आंबील केली की फायटेटचा जोर कमी होतो. आपल्या आज्या हे करतच होत्या.

तरीही रक्तक्षय झालेला असेल तर एवढ्याने तो भरून निघत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. ‘औषध नको, घरचं खाऊन बरं होऊ’ म्हणून गोळ्या डब्यात ठेवून देणाऱ्या गरोदर मुलींना हे घरच्या मोठ्यांनी समजावून सांगायला हवं. गोळीही चहाबरोबर घेऊ नये.

चहा सोडायला सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, आणि तशी गरजही नाही. जेवणापासून तासभर दूर ठेवला तरी पुष्कळ. भाकरी मागे ठेवून शेवटी जेवायला बसणाऱ्या घरातल्या बाईसाठी लिंबाची एक फोड आधीच कापून ठेवावी.