विश्लेषण : सिकलसेलचे कारण सापडले १९४९ मध्ये, मग उपायांना उशीर का?

गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आजही सिकलसेलचे रुग्ण आढळतात.

आजार काय आहे?
हा आनुवंशिक आजार आहे. ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

कारण कोणी शोधले?
अमेरिकेतील कॅलटेकमध्ये लायनस पॉलिंग यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या हार्वे इटानो यांनी. जपानी वंशाचे म्हणून १९४२ मध्ये त्यांना छावणीत डांबण्यात आले होते. रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. १९४९ मध्ये ‘सायन्स’मध्ये शोधनिबंध आला.

उशीर कुठे झाला?
अमेरिकेत बहुतांश रुग्ण कृष्णवर्णीय, भारतात बहुतांश आदिवासी आणि वंचित समाजांतील. अमेरिकेत स्वतंत्र कायदा १९७२ मध्ये झाला. भारतात राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली.

चाचणी का करावी?
वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे चाचणीशिवाय कळत नाही. इटानोंनी वापरलेल्या तत्त्वावरचीच इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी आज निदान पक्के करते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांचा रक्ताचा अहवाल पाहिलेला बरा.