मुक्त विद्याभांडारे व संगीतकृती

मुक्त विद्याभांडार : विद्यापीठे, संशोधनसंस्था किंवा एखादी विद्याशाखा ह्यांच्या अभ्यासकांनी सिद्ध केलेले लेखन व इतर कृती अंकीय स्वरूपात जतन करून कोणाही वाचकास विनामूल्य उपलब्ध करून देणारा संगणकजालावरील संग्रह. इंग्रजीतील ‘रिपॉझिटरी’ ह्या नावानेही तो ओळखला जातो. नियतकालिकाप्रमाणे भांडार लेखनाचे तज्ज्ञांकरवी परीक्षण करीत नाही. कृती स्वीकारणे, तिचे वर्णन नोंदविणे, ती सुरक्षित राखणे आणि मागेल त्यास दाखविणे एवढेच त्याचे कार्य होय. त्यामुळे नियतकालिकात वा ग्रंथात न मावणाऱ्या कृतींनाही तेथे जागा मिळते.

अशा संग्रहांचा आरंभ भौतिकीत झाला. पॉल गिन्स्पार्ग ह्या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी १९९१ मध्ये लॉस ॲलॅमॉस येथे ‘आर्काइव्ह’ हा अप्रकाशित शोधनिबंधांचा संग्रह सुरू केला. २००१ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. ग्रिगोरी पेरेलमान ह्या रशियन गणितज्ञाने प्वँकारे अटकळीची सिद्धता २००२-०३ मध्ये केवळ ह्याच संग्रहात ठेवली. ती कोणत्याही नियतकालिकाकडे त्याने धाडली नाही, तरी तिच्या आधारे २००६ मध्ये त्यास फील्ड्स पदक जाहीर झाले (ते त्याने नाकारले). संस्थात्मक भांडारांसाठी साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००० मध्ये ‘ईप्रिंट्स’ आणि मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेने ह्यूलेट-पॅकार्डच्या सहकार्याने २००२ मध्ये ‘डीस्पेस’ ही संगणकप्रणाली उपलब्ध करून दिली. त्याच वर्षी बूडापेस्ट येथील घोषणापत्राने मुक्त प्रवेशाची व्याख्या निश्चित केली. भारतात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे भांडार ह्याच सुमाराचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधांची अंकीय प्रत सादर करणे आवश्यक ठरविले आणि त्यांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ उभारली. तीत आज काही लाख प्रबंध आहेत.

शोधनिबंध व प्रबंध ह्यांखेरीज प्रयोगांची आधारसामग्री, व्याख्याने, नकाशे, संगणक-आज्ञावल्या असे अनेकविध साहित्य ह्या भांडारांत साठत गेले. सर्न ह्या यूरोपीय संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेले ‘झेनोडो’ तर कोणत्याही विषयाचे व कोणत्याही प्रकारचे संशोधनसाहित्य स्वीकारते. तथापि ह्या वैविध्याची खरी कसोटी संगीतात लागते.

अमेरिकन विद्यापीठांत संगीतरचनेच्या डॉक्टरेटसाठी सादर होणारा प्रबंध हा पुष्कळदा वाद्यवृंदासाठी रचलेली स्वरलिपीच असते व विवेचन तिच्या सोबतीला येते. वादनाच्या पदवीसाठी काही ठिकाणी जाहीर मैफली हाच प्रबंधाचा भाग मानला जातो. उत्तर टेक्सस विद्यापीठातील अनेक प्रबंधांच्या शीर्षकांतच सोबतच्या तीन मैफलींचा उल्लेख आढळतो. मध्ययुगीन संगीत-हस्तलिखितांच्या प्रतिमांचा संग्रह ऑक्सफर्डशी निगडित असलेल्या एका प्रकल्पाने १९९८ पासून जोपासला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँता बार्बरा येथील ग्रंथालयाने मेणाच्या व सेल्युलॉइडच्या दंडगोलांवरील दहा हजारांहून अधिक जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्यास खुली केली आहेत. त्यांत विनोदी गाणी, भाषणे व पट्टीचे गायन शेजारीशेजारी नांदतात. व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी ठरलेल्या ह्या ठेव्याचे मोल इतिहासकारास मोठे वाटते, ते ह्या सरमिसळीमुळेच.

संगीतकृतीचे वर्णन मात्र भांडारांना नीट साधलेले नाही. ही व्यवस्था मुळात निबंधासाठी आखलेली आहे. भांडारांनी परस्परांच्या नोंदी गोळा कराव्यात म्हणून ठरलेल्या संकेतानुसार प्रत्येक नोंद किमान ‘डब्लिन कोअर’ ह्या पंधरा घटकांच्या आराखड्यात देता आली पाहिजे. त्यात ‘कर्ता’, ‘सहभागी’, ‘शीर्षक’ असे घटक आहेत. ख्यालाच्या एखाद्या ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण मानावा? बंदिशीचा रचनाकार, गायक, की साठ वर्षांपूर्वी यंत्र घेऊन बसलेला संशोधक? राग, ताल, घराणे, तबल्याची साथ ह्यांसाठी स्वतंत्र रकाने नसतात. मूळ संग्रहात ही माहिती तपशीलवार नोंदलेली असली, तरी नोंद दुसरीकडे जाताना ती ‘विषय’ किंवा ‘वर्णन’ ह्या घटकांत कोंबली जाते. परिणामी भूपाचे ध्वनिमुद्रण शोधणाऱ्यास ते सापडेलच असे नाही. शोधगंगेतील संगीतविषयक प्रबंध प्रकरणवार पाठ्यसंचिकांच्या रूपात असतात. त्यांत बंदिशींची स्वरलिपी पाहावयास मिळते, ती म्हणून दाखविणारा आवाज क्वचितच. [⟶ स्वरलेखन पद्धति].

ह्याहून कठीण प्रश्न स्वामित्वाधिकाराचा. निबंधावर सामान्यतः लेखकाचा वा प्रकाशकाचा अधिकार असतो. गाण्यावर शब्द, स्वररचना, सादरीकरण व ध्वनिमुद्रण असे वेगवेगळे अधिकार एकावर एक रचलेले असतात. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार संगीतकृती लिखित वा मुद्रित असावी लागे; १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली आणि मौखिक परंपरेतील रचनेस कृती म्हणून मान्यता मिळण्याची वाट मोकळी झाली. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील अधिकार साठ वर्षे टिकतो, तर ग्रंथावरील अधिकार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे. विष्णु नारायण भातखंडे १९३६ मध्ये निवर्तले. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतील स्वरलिपी आता कोणीही खुल्या संग्रहात ठेवू शकतो. पण त्याच बंदिशींची नंतरच्या पिढीतील गायकांनी केलेली ध्वनिमुद्रणे बहुधा बंदिस्तच राहतात. अमेरिकेत १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे २०१८ च्या कायद्यामुळे १ जानेवारी २०२२ रोजी एकदम मुक्त झाली.

क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांबाबत प्रश्न केवळ कायद्याचा नसतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ह्या संस्थेचे लोकसंगीत व अभिजात संगीत ह्यांचे अभिलेखागार १९८२ मध्ये पुणे येथे स्थापन झाले व पुढे ते गुरुग्राम येथे गेले. अशा संग्रहांतील गीते ज्यांनी गाइली त्यांनी आपला आवाज जगभर ऐकला जाईल अशी कल्पना केलेली नसते. विधीच्या गीतांबाबत तर खुलेपणा हा आगंतुकपणा ठरू शकतो. म्हणून प्रत्यक्ष येऊन ऐकण्याची मुभा व सार्वत्रिक प्रसारण ह्यांत भेद राखणे इष्ट होय, मग मुक्त प्रवेशाच्या कट्टर पुरस्कर्त्यांना ते रुचो वा न रुचो.

बार्सेलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातील ‘कॉम्पम्यूझिक’ ह्या प्रकल्पाने (२०११-१७) हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, चिनी व अरब-अंदलूसी संगीताचे संगणकीय विश्लेषण हाती घेतले. त्यात दोन मार्ग वापरले गेले. व्यापारी ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत मूळ ध्वनी खुला न करता त्यावरून काढलेले स्वराच्या चढउताराचे आलेख व षड्जाची कंप्रता एवढेच खुले केले गेले. दुसरा मार्ग ‘सरगा’ ह्या संग्रहाचा. त्यातील मैफलींची ध्वनिमुद्रणे खुल्या परवान्याखाली असून त्यांवर आवर्तनांच्या समा व रचनेचे भाग खुणावलेले आहेत. पहिल्या प्रकारात रागाची आकृती हाती येते, गाणे येत नाही. दुसऱ्यात गाणेच येते, परंतु असे संग्रह अद्याप थोडे आहेत.