संत्र्याला ताप येतो तेव्हा

पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या लोकांना जाम नदीवरची गोटमार आठवते. आपल्याला आठवतात संत्र्याच्या बागा. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. पुढे सीमा बदलल्या, २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हाही झाला. पण पांढुर्णा-सौसरचा संत्रा आणि नागपूर-वरूडचा संत्रा एकच राहिला. दोन्हीकडचे दुखणेही एकच आहे : झाडावर चांगले असलेले फळ वाटेत सडते.

असे का होते? तोडलेले संत्रे जिवंतच असते. ते श्वास घेते. प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. ट्रकमध्ये तणस अंथरून सुटी फळे भरली आणि वर ताडपत्री ओढली की ढिगाच्या पोटातली उष्णता आतच कोंडते. त्यात एखाद्या फळाला तोडताना जखम झालेली असली तर तिथून हिरवी बुरशी शिरते आणि शेजारच्या फळांपर्यंत पोहोचते. वरून पाहून यातले काहीच कळत नाही.

इथे सेन्सर कामी येतो. ढिगात किंवा क्रेटमध्ये ठेवलेले हे छोटे उपकरण ठरावीक वेळाने तापमान आणि हवेतला ओलावा नोंदवते, आणि मर्यादा ओलांडली की मोबाइलवर सूचना पाठवते. शीतगृहात त्याचे महत्त्व आणखी वाढते. नागपुरी संत्रे ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता असेल तर सुमारे दीड महिना टिकते. थंडी फार वाढली तर सालीवर डाग पडतात, ओलावा कमी झाला तर साल सुकते. रात्री वीज गेली आणि खोली किती तास तापली, हे सकाळी कोण सांगणार?

कांद्याच्या बाबतीत असा प्रयोग महाराष्ट्रात झालाही आहे. लासलगावच्या अभियंता कल्याणी शिंदे यांच्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ने चाळीत बसवायचे उपकरण तयार केले. सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू ते ओळखते, म्हणजे दुर्गंधी बाहेर येण्याआधीच खराब कांदा वेगळा काढता येतो.

नुकसान केवळ पैशाचे नाही. ‘नॅबकॉन्स’च्या २०२२ च्या अभ्यासानुसार भारतात काढणीनंतर फळांचे ६.०२ ते १५.०५ टक्के नुकसान होते. जागतिक सरासरीने एक किलो संत्र्यामागे सुमारे ५६० लिटर पाणी लागते. आपल्याकडे त्यातले बरेचसे विहिरीतून आणि बोअरवेलमधून उपसलेले असते. म्हणजे उकिरड्यावर पडलेल्या प्रत्येक क्रेटबरोबर जमिनीखालचे पाणीही फेकले जाते. शिवाय हवा न लागता कुजणाऱ्या ढिगातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून अधिक उष्णता अडवतो.

आता खरा प्रश्न : हे उपकरण घ्यायचे कोणी? आपल्या भागात पुष्कळदा झाडावरचा बगीचाच व्यापाऱ्याला विकला जातो. पुढे माल सडला तर तोटा व्यापाऱ्याचा, असे वरवर दिसते. पण पुढच्या वर्षी भाव ठरवताना तो ही घट धरूनच बोलतो. शेतकऱ्याजवळ मात्र उत्तर द्यायला काही नसते. फळ बागेतच खराब होते, की ट्रक उन्हात उभा राहिल्याने बिघडले? तापमानाची नोंद असेल तर यावर पुराव्याने बोलता येईल.

सेन्सर स्वतः काही थंड करत नाही. सूचना आल्यावर ट्रक सावलीत घेणे, ताडपत्री सैल करणे, खराब फळ वेचून काढणे हे माणसालाच करावे लागते. पण तापमान-आर्द्रता मोजणारा साधा सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो, आणि आपल्या घरातली कितीतरी मुले-मुली पुण्या-बंगळूरला हेच तंत्र शिकून नोकरी करतात. येत्या आंबिया बहारात गावाकडच्या एका तरी ट्रकमध्ये, बागेपासून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत, अशी नोंद ठेवून पाहा. चार-पाच फेऱ्यांचे आकडे हाती आले की भावाची बोलणी करताना ते शेतकऱ्यासमोर ठेवा. पुढचे तो स्वतःच ठरवील.