भिंत ढकला, खांदे सांभाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत पारोळ्याच्या शिवारात मान खाली, हात पुढे आणि कमरेच्या ओटीत वाढत जाणारं वजन, असा दिवस जातो. संध्याकाळी खांदे भरून येतात. पाठीच्या वरच्या भागातले स्नायू दिवसभर ताणून राहिलेले असतात. ते बळकट करायला जिम लागत नाही, घरची भिंत पुरते.

या व्यायामाला आयसोमेट्रिक म्हणतात. स्नायू जोर लावतो, पण सांधा हलत नाही. मल्लखांबावर पकड घेऊन स्थिर राहणारा खेळाडू हेच करतो. 1953 मध्ये जर्मनीतल्या हेटिंगर आणि म्युलर यांनी दाखवलं, की रोज काही सेकंदांच्या अशा जोरानेही ताकद वाढते. मात्र ती मुख्यतः ज्या कोनात जोर लावला, त्याच्या आसपासच वाढते. म्हणून हाताची उंची बदलत राहायची.

पहिला प्रकार: भिंतीला पाठ टेकून उभं राहा. कोपरं काटकोनात वाकवून भिंतीत मागे दाबा. खांद्यांचे मागचे स्नायू आणि दोन फऱ्यांमधला भाग कामाला लागतो.

दुसरा: भिंतीशेजारी कडेने उभं राहा. भिंतीकडच्या हाताचं कोपर कमरेशी चिकटवून काटकोनात वाकवा आणि मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबा. खांद्याचा सांधा जागेवर धरणारे छोटे स्नायू यात बळकट होतात. मग दुसरी बाजू.

तिसरा: पंचा छातीसमोर दोन्ही हातांनी धरा आणि फाडायचा असल्यासारखा बाहेर ओढा. फरे एकमेकांकडे आणा, पण खांदे कानांकडे चढू देऊ नका. पुढच्या वेळी पंचा पोटासमोर धरा.

सुरुवातीला अर्धाच जोर लावा. दहा सेकंद धरा, सोडा, थोडं थांबा. प्रत्येक प्रकार पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी जोर वाढवा.

सगळ्यात महत्त्वाचं, श्वास कोंडू नका. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. स्नायूला थकवा येणं ठीक; पण सांध्यात कळ आली किंवा हाताला मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा आणि तपासून घ्या.